रेल्वे-मेट्रोतली दुखापत: दोष कुणाचा हे नंतर, आधी केसपेपर बघा

ताई, तुम्ही एका दमात दोन प्रश्न विचारले आहेत. धाकटा भाऊ नोकरीच्या शहरात भुयारी मेट्रोत चढत होता, दार लागलं, हात अडकला आणि मनगटात प्लेट बसवावी लागली. ही गेल्या महिन्यातली गोष्ट. आणि वडील पावणेदोन वर्षांपूर्वी रात्रीच्या गाडीने सोलापूरला येत होते, डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती म्हणून दाराशी उभे होते, वळणावर तोल गेला आणि डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. "चूक आपलीच, दारात कशाला उभं राहायचं" असं म्हणून तेव्हा तुम्ही गप्प बसलात. आता विचारताय, दोन्हींत जबाबदार कोण आणि काही मिळतं का.

वडिलांचं आधी घेते. तिथे मुदत उलटून गेली आहे, एकेक दिवस महाग आहे.

"चूक आपलीच" हे वाक्य मी आपल्याकडे घरोघरी ऐकते, आणि त्यापायी कितीतरी दावे दाखलच होत नाहीत. रेल्वे कायदा १९८९ मधलं कलम १२४ अ चूक विचारतच नाही. प्रवासी गाडीतून अपघाताने पडला, तर रेल्वेची चूक असो वा नसो, भरपाई द्यायची, असा तो नियम आहे. दाराशी उभं राहणं हा निष्काळजीपणा असेलही, पण तो गुन्हा नव्हे आणि स्वतःला करून घेतलेली इजाही नव्हे, हे सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये जमीला खटल्यात स्पष्ट सांगितलं. त्याआधी २००८ मध्ये प्रभाकरन विजयकुमार खटल्यात चालत्या गाडीत चढताना पडलेल्या बाईच्या घरच्यांना भरपाई मिळाली. २०१८ च्या रीना देवी निकालाने तर चढता-उतरता झालेला अपघातही यातच धरला आणि प्रवाशाच्या निष्काळजीपणाचं निमित्त करून रक्कम कापायची नाही, हेही सांगितलं.

रेल्वेला सुटायला वाटा आहेत, पण मोजक्या: आत्महत्या किंवा तिचा प्रयत्न, स्वतः करून घेतलेली इजा, स्वतःचं गुन्हेगारी कृत्य, नशेत किंवा वेडाच्या भरात केलेलं कृत्य, आणि आजारपण. यातली नशेची वाट सगळ्यात जास्त वापरली जाते. केसपेपरवर कुणीतरी "दारूचा वास" एवढं लिहून ठेवतं आणि दोन वर्षांनी तेच समोर येतं. नुसता वास म्हणजे नशा नव्हे. रक्ताचा तपासणी अहवाल नसेल तर हा मुद्दा सोडू नका, भांडा.

मग रेल्वे लढते कशावर? दोषावर नाहीच. ती दोन गोष्टींवर लढते: तुमचा माणूस प्रवासी नव्हता, आणि तो गाडीतून पडलाच नाही, रुळावर होता. रूळ ओलांडताना उडालेला माणूस कायद्याच्या नजरेत घुसखोर. कलम १४७ खाली त्याच्यावरच गुन्हा दाखल होऊ शकतो, भरपाई तर दूरच. म्हणजे सगळा दावा या एका फरकावर उभा असतो. आणि हा फरक ज्या कागदांवर ठरतो, ते पहिल्या दोन-तीन दिवसांत दुसरेच कुणीतरी लिहितात. घरचे तेव्हा ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेले असतात.

ते कागद कसे तयार होतात, बघा. रात्री गाडी निघून जाते. पहाटे रूळ तपासत जाणाऱ्या कीमनला माणूस दिसतो. तो जवळच्या स्टेशनमास्तरला कळवतो, मास्तर लोहमार्ग पोलिसांना मेमो पाठवतो. मेमोत तो लिहितो, "अमुक किलोमीटरला एक इसम जखमी अवस्थेत पडलेला आहे." गाडीतून पडला की गाडीखाली आला, हे मास्तरने पाहिलेलं नसतं. जखमी माणूस दवाखान्यात येतो, स्ट्रेचर ढकलत आणणाऱ्याला डॉक्टर विचारतात, काय झालं? त्याला ठाऊक एवढंच की रुळाजवळ सापडला. मग केसपेपरवर ओळ पडते: "रेल्वेची धडक." झालं. "रेल्वेतून पडून" असं लिहिलं असतं तर दावा सरळ चालला असता. "धडक" लिहिलं की समोरचे वकील त्या एका शब्दाभोवती सगळी उलटतपासणी गुंफतात.

म्हणून वडिलांच्या बाबतीत तुमचं पहिलं काम म्हणजे दाखल झाल्या दिवशीचा केसपेपर मिळवणं. डिस्चार्ज कार्ड नव्हे, ते बहुतेकांकडे असतं. त्यात उपचार असतात, हकिकत नसते. मला आतला, पहिल्या पानावरचा, एमएलसीचा (पोलिसांना कळवायच्या प्रकरणाचा) शिक्का असलेला कागद हवा. त्यानंतर लोहमार्ग पोलिसांकडची स्टेशन डायरीची नोंद, मास्तरचा मेमो, पंचनामा आणि वडिलांचा जबाब. वडील शुद्धीत आल्यावर पोलिसांनी जबाब घेतला होता का, हे तुमच्या पत्रात नाही. घेतला असेल आणि त्यात "दारात उभा होतो, तोल गेला" असं असेल, तर केसपेपरवरचा "धडक" शब्द फारसा त्रास देत नाही. ज्याच्या अंगावर बेतलं त्याचं स्वतःचं सांगणं स्ट्रेचरवाल्याच्या अंदाजापेक्षा वजनदार असतं. घेतला नसेल तर दाव्यासोबत वडिलांचं सविस्तर प्रतिज्ञापत्र लागेल. गाडी कुठली, डबा कुठला, शेजारी कोण बसलं होतं, कुठलं स्टेशन गेल्याचं आठवतं, इतक्या बारकाव्यांसह.

रेल्वेचा स्वतःचाही एक तपास असतो. अशा घटनांची चौकशी रेल्वे सुरक्षा दलाने करायची आणि अहवाल डीआरएमकडे, म्हणजे विभागीय रेल्वे व्यवस्थापकाकडे जायचा, असे २००३ चे नियम आहेत. बऱ्याचदा दावा दाखल झाल्यावरच हा अहवाल हलतो आणि निष्कर्ष ठरलेला असतो: प्रवाशाचा स्वतःचा निष्काळजीपणा. घाबरू नका. वर सांगितलं तसं, निष्काळजीपणा हा बचाव होतच नाही. उलट त्या अहवालात "गाडीतून पडला" असं मान्य केलेलं असतं, ते आपल्याच कामाचं. मी तर तो अहवाल रेल्वेआधी स्वतः मागून घेते.

तिकिटाचं म्हणाल तर, तिकीट सापडलं नाही म्हणून दावा बुडत नाही. जनरलच्या तिकिटाचा चिठोरा रक्ताने भिजलेल्या पँटीच्या खिशात कुठे टिकणार? रीना देवी निकालात कोर्टाने म्हटलं की नुसतं तिकीट नाही एवढ्यावर प्रवासी नव्हता असं म्हणता येणार नाही. दावेदाराने प्रतिज्ञापत्रावर हकिकत मांडली की पुढचा भार रेल्वेवर. पण त्याच निकालात हेही आहे की रेल्वेच्या हद्दीत माणूस सापडला एवढ्यावर तो प्रवासी ठरत नाही. तेव्हा आधार जमवा. रेल्वेच्या यूटीएस या तिकिटाच्या अ‍ॅपवर काढलं असेल तर बुकिंगची नोंद, आरक्षण असेल तर पीएनआर, मासिक पास असेल तर पास, सोडायला स्टेशनावर गेलेल्या नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र, त्या रात्री वडिलांनी "गाडीत बसलो" म्हणून केलेल्या फोनचा तपशील. पंचनाम्यात अंगझडतीच्या वस्तूंची यादी असते, ती वाचा. तिकीट "मिळून आले" असं तिथे लिहिलेलं असतं आणि घरच्यांना पत्ताच नसतो, असं होतं.

किती मिळतं? १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूला ८ लाख रुपये. दोन्ही हात जाणं, दोन्ही डोळे जाणं अशा इजांनाही तितकेच. बाकी इजांचं कोष्टक नियमांना जोडलेलं आहे आणि ते फार रुक्ष आहे. पाय कापला तर कुठून कापला आणि उरलेला भाग किती इंच, यावर आकडा ठरतो. वडिलांच्या अपंगत्वाच्या दाखल्यावर नुसती टक्केवारी असून भागत नाही. उरलेल्या भागाचं माप आणि गुडघा वाकतो की नाही हे सर्जनकडून लिहून आणा. अर्ध्या इंचाने कोष्टकाची ओळ बदलते.

याखेरीज सानुग्रह मदत म्हणून एक वेगळी रक्कम असते. सप्टेंबर २०२३ मध्ये ती वाढवली. गाडीतून पडण्यासारख्या घटनेत गंभीर जखमीला ५० हजार. ती बहुधा तेव्हाच्या तेव्हा मिळते, मागून मागायला गेलं की कुणी लक्ष देत नाही. वडिलांना ती मिळाली असली तरी मूळ दाव्याला बाधा येत नाही. तिकीट आयआरसीटीसीवर काढून विम्याची खूण केली असेल, तर तोही बघा. प्रीमियम रुपयापेक्षा कमी, पण मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला १० लाख, अंशतः कायमच्या अपंगत्वाला साडेसात लाख आणि दवाखान्याच्या खर्चापोटी २ लाखांपर्यंत. विम्याचे पैसे आणि कायद्याची भरपाई, दोन्ही घेता येतात. कलम १२८ तसं सांगतं.

आता मुदत. दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणापुढे एक वर्षात करायचा असतो. आपल्या जिल्हा कोर्टात तो चालत नाही, सोलापूरचे दावे मुंबईच्या पीठात जातात. वर्ष उलटलं असेल तर विलंब माफीचा अर्ज जोडायचा आणि त्याला सबळ कारण हवं. "कायदा माहीत नव्हता" हे एकटं कारण लंगडं पडतं. पण तुमच्याकडे दुसरी कारणं आहेत: तीन वेळा ऑपरेशन, जंतुसंसर्ग, कृत्रिम पाय बसेपर्यंतचे महिने, घरातला कमावता माणूस अंथरुणावर. या सगळ्यांच्या तारखा आणि बिलं लावा. कायदा कल्याणकारी आहे म्हणून कोर्टं इथे हात सैल सोडतात, पण कोरा अर्ज कुणी मंजूर करत नाही. अपघातापासून आजपर्यंतचा कुठलाच मोठा कालखंड कागदाविना राहू देऊ नका.

भावाचं प्रकरण याच्या बरोबर उलटं आहे, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. मेट्रोत तो प्रवासी होता का, यावर कुणी भांडणारच नाही. कार्ड किंवा क्यूआर तिकीट लावल्याशिवाय फाटक उघडत नाही, आत गेल्याची वेळ सेकंदासकट नोंदलेली असते. वाद होईल तो हात दारात कसा गेला यावर. बझर वाजल्यावर, दारं मिटत असताना त्याने हात घातला असं मेट्रो म्हणेल. आधीच चढत होता, मागून रेटा आला असं भाऊ म्हणेल. दोघांच्या मध्ये साक्षीदार एकच, कॅमेरा. आणि चित्रण कायम राहत नाही, ठरावीक दिवसांनी त्यावरच नवं चित्रण चढतं. तुमचं पत्र वाचून मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटली. आजच्या आज स्टेशन नियंत्रक आणि मेट्रोच्या मुख्य कार्यालय, दोघांना लेखी कळवा: अमुक तारीख, अमुक वेळ, अमुक फलाट, त्या डब्याच्या दाराचं आणि फलाटाचं चित्रण जपून ठेवा. ईमेल करा आणि स्पीड पोस्टानेही पाठवा. त्यांनी दिलं नाही तरी चालेल, मागणी केल्याचा पुरावा राहतो. मागितल्यानंतर चित्रण नष्ट झालं तर तो प्रश्न त्यांना सुटायचा नाही.

दार अडकणं ही काही नवलाची गोष्ट नाही. जुलै २०१९ मध्ये कोलकात्यात पार्क स्ट्रीट स्टेशनावर एका ज्येष्ठ प्रवाशाचा हात दारात अडकला आणि गाडी निघाली. डिसेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या इंदरलोक स्टेशनावर एका बाईचा कपडा दारात अडकून ती फरफटली. दोघेही वाचले नाहीत. दाराला अडथळा जाणवतो तो जाडीवर. मूठ असेल तर दार परत उघडतं, पण साडीचा पदर, ओढणी, पातळ पट्टा यांची जाणीव त्याला होईलच असं नाही. म्हणून गाडी सोडण्याआधी फलाटाच्या आरशात किंवा पडद्यावर नजर टाकणं हे चालकाचं काम, आणि म्हणूनच मुंबईच्या मेट्रो-३ सारख्या नव्या भुयारी मार्गावर फलाटाच्या कडेला पूर्ण उंचीची काचेची दारं आहेत.

अशा अपघातांची बाकी कारणं जगभर थोड्याफार फरकाने तीच. फलाट आणि डबा यांच्यातली फट, गर्दीचा रेटा, सरकते जिने, आग-धूर, आणि क्वचित पण भयंकर म्हणजे सिग्नल किंवा वेगाचा घोटाळा. २००९ मध्ये वॉशिंग्टनच्या मेट्रोत रुळावरच्या यंत्रणेला उभी गाडी दिसलीच नाही आणि मागची गाडी तिच्यावर आदळली. ९ जण गेले. २००६ मध्ये स्पेनच्या वॅलेन्सियात भुयारातल्या वळणावर गाडी अतिवेगाने रुळावरून घसरली, ४३ मृत्यू. वेग आपोआप रोखणारी व्यवस्था त्या वळणावर नव्हती. लंडनच्या किंग्ज क्रॉसला १९८७ मध्ये लाकडी सरकत्या जिन्याखालच्या कचऱ्याने पेट घेतला आणि ३१ जण दगावले. आपल्याकडे मुख्य शत्रू गर्दीच. जून २०२५ मध्ये मुंब्र्याला फूटबोर्डवर लटकलेले लोक समोरून येणाऱ्या गाडीतल्या लोकांना घासून पडले. आषाढीच्या वेळी कुर्डुवाडीकडून पंढरपूरला जाणाऱ्या गाड्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना मी वेगळं काय सांगायचं?

मेट्रोच्या स्टेशनावरची एक गोष्ट मात्र सगळ्यांनी माहीत करून घ्यावी. फलाटावर लाल बटण असतं, ते दाबलं की स्टेशनात शिरणारी गाडी थांबते. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात सिव्हिल कोर्ट स्टेशनावर तीन वर्षांचं मूल रुळावर पडलं, आई मागोमाग उतरली. सुरक्षारक्षकाने ते बटण दाबलं आणि दोघं वाचली.

मेट्रोची जबाबदारी मेट्रो रेल्वे (संचालन व देखभाल) कायदा २००२ खाली येते, रेल्वे कायद्याखाली नाही. त्यामुळे भावाचा दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणात नेऊ नका, परत येईल आणि वेळ जाईल. तिथे दावा आयुक्त नावाचा अधिकारी असतो, तो भरपाई ठरवतो. २०१७ च्या नियमांप्रमाणे मृत्यूची रक्कम ५ लाख आहे. दिल्लीच्या त्या प्रकरणात मेट्रोने हे ५ लाख आणि मुलांसाठी माणुसकीखातर आणखी १० लाख जाहीर केले होते, यावरून कायद्याचा आकडा किती तोकडा आहे ते कळतं. मनगटाच्या फ्रॅक्चरला कोष्टकाप्रमाणे जे मिळेल ते दवाखान्याच्या बिलाला पुरेल की नाही, शंकाच आहे.

त्यापुढे जायचं तर मग खरोखरच दोष सिद्ध करावा लागतो. दाराची संवेदक यंत्रणा बिघडली होती, चालकाने पाहिलं नाही, फलाटावर गर्दी आवरायला माणूस नव्हता, असं काहीतरी. इथे ग्राहक आयोगाचा पर्याय लोक सुचवतात. त्याची गोडी अशी की २०१९ च्या ग्राहक कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि मुदत दोन वर्षांची आहे. पण भावाचं राहणं आता तिकडे. सोलापूरचा पत्ता आधार कार्डावर आहे एवढ्यावर इथे तक्रार टिकेल असं मी म्हणणार नाही. शिवाय गाडीच्या दारात झालेल्या इजेसाठी वेगळा कायदा आणि वेगळा अधिकारी आहे, ही हरकत पहिल्याच तारखेला येईल. सरकत्या जिन्यात पाय अडकला, ओल्या फरशीवरून घसरला, अशा प्रकरणात मी ग्राहक आयोगाला पहिली पसंती देईन. दाराच्या प्रकरणात आधी दावा आयुक्त.

भाऊ कामावर निघाला होता का? पगार ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याच्या मर्यादेत असेल तर घरून कामावर जाता-येता झालेला अपघातही तिथे धरला जातो, वेळ-जागा-कामाचा संबंध दाखवता आला तर. कंपनीच्या एचआरला अपघाताची नोंद करायला सांगा. पगार बुडाल्याचे पैसे तिथून सगळ्यात लवकर येतात, आणि लोक नेमकं तेच विसरतात.

तुमच्या पत्राच्या शेवटी मामेभाऊ न्यूयॉर्कला असतो, तिकडे सबवेत असं झालं तर करोडो मिळतात म्हणे, असं लिहिलंय. तिकडे कोष्टक नाही हे खरं, पण सबवे चालवणाऱ्या संस्थेचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो, स्वतःची चूक जितकी ठरेल तितकी रक्कम कापली जाते, आणि ९० दिवसांत लेखी नोटीस दिली नाही तर दावा बहुतेक संपलाच. वडिलांच्या प्रकरणासारखे पावणेदोन वर्षांनी तिथे गेलो असतो तर दारही उघडलं नसतं.

दवाखान्याच्या आवारात "रेल्वेचे पैसे काढून देतो, अर्धे आमचे" म्हणणारी माणसं भेटतात. त्यांनी पुढे केलेल्या कोऱ्या कागदावर आणि वकीलपत्रावर वडिलांचा अंगठा देऊ नका. मंजूर रक्कम वडिलांच्या स्वतःच्या खात्यात यायला हवी, तेव्हा खातं त्यांच्या एकट्याच्या नावावर आणि चालू स्थितीत आहे ना, ते बँकेत जाऊन बघा.

सोमवारी येताना वडिलांना आणू नका, जिने चढायचे आहेत. पहिल्या पानाचा केसपेपर, सगळ्या डिस्चार्ज कार्डांच्या झेरॉक्स, अपंगत्वाचा दाखला, कृत्रिम पायाचं बिल आणि वडिलांच्या फोनचा त्या रात्रीचा तपशील मिळाला तर तो आणा. मूळ कागद घरीच ठेवा, ते सुनावणीला लागतील.